मुख्याध्यापक बाई, सर, पुढच्या पालकसभेला आम्हाला मोबाईल घेऊन बोलवा

नाशिक शहरातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एमजी रोडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, दोन स्टुलं, एक भिंग आणि सोल्डरिंगची मशीन. फुटलेला डिस्प्ले, ढिली झालेली चार्जिंगची पिन, गोदाघाटावर सेल्फी काढताना पाण्यात पडलेला फोन, हे माझं रोजचं काम. मी शिक्षणतज्ज्ञ नाही आणि समुपदेशकही नाही. पण फोन दुरुस्तीला आला की लॉक उघडून द्यावा लागतो, आणि फोन उघडला की घरही जरा उघडं पडतंच. शिवाय माझी मुलगी सातवीत आहे. या पत्राला काही अधिकार असलाच तर तो एवढाच.

कुठल्या शाळेची पालकसभा झाली हे आम्हाला दुकानात बसून कळतं. शनिवारी सभा झाली की सोमवारपासून एकामागून एक पालक येतात. आया जास्त, बाप कमी. म्हणणं सगळ्यांचं एकच. "दादा, याच्यात एखादं लॉक टाकून द्या ना. शाळेत सांगितलंय, पोरांना मोबाईलपासून लांब ठेवा." मी विचारतो, कसं ठेवायचं तेही सांगितलं का? ते काही सांगितलेलं नसतं.

मागे एकदा सातपूरच्या एक ताई आल्या. कंपनीत सेकंड शिफ्ट. सोबत चौथीतला मुलगा. फोनच्या कव्हरमध्ये घडी घातलेली पन्नासची नोट आणि कुठल्याशा दवाखान्याची चिठ्ठी. मी म्हटलं, याला पॅटर्न तर आहे की. म्हणाल्या, "आहे हो, पण मी कितीदा बदलला तरी हा उघडतोच." मुलगा पंख्याकडे बघत उभा. मी त्यालाच विचारलं, कसा रे उघडतोस? आधी लाजला. मग फोन हातात घेतला, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि ट्यूबलाइटकडे तिरका धरला. आईच्या बोटाने ओढलेली रेघ काचेवर उमटली. भाजी टाकताना फोन आला की तेलकट बोट लागतं, तेव्हा तर आणखी छान दिसते, अशी माहितीही त्याने दिली. मग मी सेटिंगमध्ये जाऊन बोटांचे ठसे पाहिले. चार ठसे नोंदलेले होते. ताईंनी एकच दिला होता.

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्यांना शिफ्टची वेळ गाठायची होती, आणि रात्री अकरापर्यंत तो फोन घरी मुलाकडेच राहणार होता, कारण त्यांचा फोन आला तर उचलायला घरात दुसरं कुणी नाही. या बाईंना तुम्ही सभेत काय सांगाल? मुलाला वेळ द्या?

आता आमच्या धंद्याचंही पाप सांगतो. नवा फोन घेतला की जीमेलचं खातं बहुतेक दुकानातच उघडून देतात. मुलाचं खरं जन्मवर्ष टाकलं आणि वय तेराच्या आत निघालं, तर गूगल पालकाचं खातं मागतं, संमती मागतं, पाच-सात पायऱ्या वाढतात. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. मग आम्ही सरळ 1 जानेवारी 1990 टाकतो आणि फोन हातात देतो. त्या क्षणापासून पाचवीतली पोर गूगलच्या लेखी पस्तिशीची बाई. तिच्या वयासाठी म्हणून कंपन्यांनी ज्या काही कड्या-कोयंडे लावलेत, ते सगळे आमच्या एका आकड्याने निघाले.

आणि कड्या आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पालकांना वाटतं की फोन हा एक तर द्यायचा नाही तर काढून घ्यायचा, मधलं काही नसतंच. फॅमिली लिंक नावाचं ॲप फुकट मिळतं. त्यातून आई आपल्या फोनवरून मुलाच्या फोनची वेळ ठरवू शकते, कुठलं ॲप घ्यायचं त्याला मंजुरी देऊ शकते, रात्री नऊला फोन बंद करू शकते. तेलकट बोटांचा तिथे काही संबंध नाही. इन्स्टाग्रामने 2025 च्या फेब्रुवारीत भारतातही अठराच्या आतल्यांसाठी वेगळी खाती आणायची घोषणा केली. ते खातं आपोआप खाजगी असतं, भलत्याच माणसाचा मेसेज त्यावर येत नाही, आणि मूल सोळाच्या आतलं असेल तर ही बंधनं सैल करायला पालकाची परवानगी लागते. व्हॉट्सॲपमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' असं एक सेटिंग आहे. ते हात न लावता ठेवलं तर उत्तर असतं, कुणीही. ते बदलायला अर्धा मिनिट लागतो. मी आजवर ज्या पालकांना विचारलं त्यातल्या जेमतेम दोघा-तिघांना ते ठाऊक होतं.

आता मी मुलांचं खरं वर्ष टाकतो. वीस मिनिटं जास्त जातात. काही लोक वैतागून शेजारच्या दुकानात जातात, तिथे दोन मिनिटांत होतं.

पण पत्र लिहायला बसलो ते सेटिंग शिकवायला नाही. सगळ्या कड्या लावलेल्या घरातही काय होतं ते सांगतो, कारण ते घर माझंच आहे. त्याआधी थोडं अनोळखी माणसाबद्दल.

'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हे आपण मुलांना चालायला लागल्यापासून सांगतो. आम्हाला लहानपणी पोतं घेऊन येणाऱ्या बुवाची भीती घालत. दूध संपवलं नाहीस तर त्याला देऊन टाकीन म्हणत. त्या भीतीचं मोठेपणी काय होतं, हे आपल्याच विभागाने पाहिलंय. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्याच सुमाराला मालेगावात जमावाने अशाच संशयावरून पाच जणांना घेरलं. त्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. पोलीस वेळेवर पोचले म्हणून ते वाचले. ही अफवा व्हॉट्सॲपवरच्या मेसेजांतून फिरत होती, आणि त्या मेसेजांमागे टोळी कुठेच नव्हती. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत आपल्यासारखे आई-बापच होते, काळजीपोटी ढकलणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालावी लागली. आणि तरी आजही शाळेच्या पालक ग्रुपवर वर्षातून एक-दोनदा 'पांढऱ्या व्हॅनमधून मुलं उचलतात, सावध राहा' हा मेसेज येतोच. ग्रुपमध्ये वर्गशिक्षिका असतात, कधी तुम्हीही असता. कुणी म्हणत नाही, की बाबांनो, हे कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्रक आहे ते दाखवा, नाहीतर काढा.

दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी दरवर्षी एकच गोष्ट सांगते. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नात्यातले, घरी ऊठबस असलेले. त्या तक्त्यात एक रकाना मित्रांचा आहे आणि त्या मित्रांतच 'ऑनलाइन मित्र' धरलेत. म्हणजे फोनवरून ओळख काढणारा माणूस सरकारी तक्त्यात अनोळखी नसतो. मुलाच्या लेखी तर नसतोच. तीन आठवडे रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर खेळलं, तो अनोळखी कसा? अनोळखी म्हणजे पोतंवाला.

आता माझ्या घरचं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी एक गेम खेळायची. गेमचं नाव लिहीत नाही, उद्या तो जाईल आणि दुसरा येईल. फोनला वेळ बांधलेली, ॲपला मंजुरी मी दिलेली, पैसे भरायचा रस्ता बंद. मोबाईलवाल्याचं घर, सगळं चोख. फक्त गेमच्या आत जे बोलणं चालतं त्याकडे मी बघितलं नव्हतं. तिथे तिला एक 'ताई' भेटली. फोटो मुलीचा, मराठी आपल्यासारखंच. ताई तिला गेममधल्या वस्तू भेट द्यायची, हरली की समजूत काढायची. एके दिवशी ताई म्हणाली, "तू चित्रकलेत पहिली आलीस ना? छान काढतेस." पोर हरखली. हे ताईला कुठून कळलं, असं तिच्या मनातही आलं नाही. पुढे, इथे नको बोलूया, दुसऱ्या ॲपवर ये. पुढे, आईला सांगू नकोस, ती फोन काढून घेईल. आणि मग, तुझा एक फोटो पाठव, असा नाही, तसा.

तिने पाठवला नाही. का नाही, ते तिलाच माहीत. पण तिने ते मला सांगितलं नाही, तिच्या आईला सांगितलं नाही, तिने आजीला सांगितलं. माझी आई पंचवटीत वाढलेली. गेम म्हणजे काय हे तिला धड कळत नाही. ती म्हणाली, आण इकडे तो फोन, कुठे बोलायचं? मुलीने माईकचं बटण दाखवलं. आजीने ते दाबून धरलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोण गं तू? कुठली? कुणाची?"

पलीकडून काही आलं नाही. थोड्या वेळाने ताईचं नाव यादीतून नाहीसं झालं.

कोण, कुठली, कुणाची, हे तीन प्रश्न आपल्या गावांत कुणी वाड्यात पाऊल टाकलं की पहिल्यांदा विचारले जायचे, त्यावर बाकीचं ठरायचं. असो.

मी रात्री दहाला दुकान बंद करून घरी आलो. आईने सांगितलं. आणि मी, जो दिवसभर लोकांना शहाणपण शिकवतो, पहिलं वाक्य काय बोललो? "तुझ्या हातात फोन दिला तेच चुकलं." फोन हिसकावला, गेम उडवला, डेटा साफ केला, जणू घाण पुसतोय. सकाळी डोकं थंड झालं तेव्हा कळलं की त्या माणसाचा आयडी गेला, बोलणं गेलं, तारीख-वेळ गेली. तक्रारीला जायचं तर दाखवायला हातात शून्य. आणि याहून मोठी चूक आठ दिवसांनी समजली. मुलगी माझ्याशी मोजकंच बोलत होती. शेवटी बायकोला म्हणाली, "ती म्हणाली होती ना, फोन काढून घेतील. तसंच झालं. ती खरंच बोलत होती."

मुख्याध्यापक बाई, सर, हे वाक्य मी रोज ऐकतो. त्या माणसाकडे आमच्या घराची किल्ली नव्हती, पत्ता नव्हता. त्याच्याकडे एकच हत्यार होतं. आम्ही पोरीला रागावणार, याची खात्री. आणि आम्ही ती खरी करून दाखवली.

चित्रकलेचं त्याला कुठून कळलं, ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. शाळेच्या फेसबुक पानावर बक्षीस समारंभाचे फोटो होते. मुलीचा फोटो, खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, स्पर्धा. पान सगळ्यांना खुलं. नाव टाकून शोधलं की पहिलंच ते येतं.

मी शाळेत गेलो. नाव लिहीत नाही, कारण भांडण त्या एका शाळेशी नाही. बाई सभ्यपणे बोलल्या. म्हणाल्या, आमच्याकडे मुलांना मोबाईल आणायला बंदी आहे, हा तर घरचा विषय झाला. मी नमस्कार करून बाहेर आलो. फाटकापाशी खिशातला फोन वाजला. वर्गाचा ग्रुप. उद्याचा गृहपाठ, पीडीएफ, सात पानं, 'विद्यार्थ्यांनी मोबाईलवर पाहून वहीत उतरवावे'.

म्हणून काही गोष्टी मागतोय. सगळ्या तुमच्या हातातल्या आहेत, कशालाच वेगळा निधी लागत नाही.

मुलांचं कौतुक शाळेच्या नोटीसबोर्डवर करा, हॉलमध्ये करा, फळ्यावर नाव लिहा. पण इंटरनेटवरच्या उघड्या पानावर चेहरा, पूर्ण नाव आणि इयत्ता एकत्र टाकू नका. एकाचा फोटो टाकायचाच असेल तर दहा जणांचा गट टाका, नावं नकोत. 2023 चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, तो अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची संमती मागतो. ती संमती आम्ही तुम्हाला कधी दिली, हे प्रवेशअर्जाच्या कुठल्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असेल तर मला माहीत नाही. जाता जाता ओळखपत्राचंही बघा. पुढच्या बाजूला वडिलांचा मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता ठळक छापून ते पोराच्या गळ्यात लटकवायचं आणि शाळेबाहेर सोडायचं, ही कल्पना कुणाची? तो मजकूर मागच्या बाजूला गेला तरी पुरे.

गृहपाठ वहीत द्या. आणीबाणीला ग्रुप ठेवा, हरकत नाही. पण रात्री साडेआठला अभ्यास मोबाईलवर पाठवायचा आणि शनिवारच्या सभेत मोबाईलवरून पालकांना झोडपायचं, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने होऊ नयेत.

आता जे सगळ्यात जड आहे ते. मूल जेव्हा शाळेत बाईंना काही सांगतं, तेव्हा बहुतेक शाळांत पहिला विचार येतो तो शाळेच्या नावाचा. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या काउंटरवर फोन देताना लोक बरंच बोलतात. 'आपसात मिटवा, मुलीचंच नाव खराब होईल.' ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बालवाडीतल्या दोन लहान मुली, आरोप शाळेतल्याच सफाई कामगारावर, गुन्हा नोंदवायला झालेला उशीर, मग रेल्वे रुळांवर उतरलेले हजारो लोक. पुढे घटना पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही पॉक्सोखाली कारवाई झाली. 2012 च्या या कायद्याचं कलम 19 सांगतं की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं, त्यात पर्याय नाही. कलम 21 नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चौकशी करून खरंखोटं ठरवणं हे तुमचं काम नाही. कळवणं तुमचं काम.

पालक का गप्प बसतात तेही सांगतो. त्यांना वाटतं, पोरीला पोलीस ठाण्यात बाकड्यावर बसवतील, चार खाकीवाले प्रश्न विचारतील. कायद्यात नेमकं उलट लिहिलंय. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, अधिकारी गणवेशात नसावा, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. नावही कुठे छापायचं नाही. हे कलम 23 आणि 24 मराठीत एका पानावर छापून प्रत्येक वर्गाच्या दारावर लावलं तर किती खर्च येईल? झेरॉक्सचे दोन रुपये. शेजारी 1098 लिहा, मुलांसाठीची ती हेल्पलाइन दिवसरात्र चालते. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत हवी असा मार्च 2022 चा शासन निर्णय आहे. बदलापूरनंतर तो पुन्हा बजावला गेला. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे सातवीतल्या कुठल्याही मुलीला मधल्या सुट्टीत विचारून बघा. तिला सांगता आलं तर समिती आहे.

फोनमधल्या प्रकारात पालकांनी काय करायचं, हेही मला माझ्या चुकीतून शिकावं लागलं. तुमच्या सभेत ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. काही पुसायचं नाही. बोलण्याचे स्क्रीनशॉट काढायचे, समोरच्याचं नाव नव्हे तर त्याचा आयडी किंवा खात्याची लिंक टिपायची, तारीख टिपायची, मगच ब्लॉक करायचं. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा तक्रारीसाठी वेगळी सोय आहे, नाव न देताही तक्रार करता येते. शहरात पोलिसांचं सायबर ठाणं आहे. पैसे गेले असतील तर 1930 ला ताबडतोब फोन, उद्यावर टाकायचं नाही.

आणि एक गोष्ट अगदी जपून. मुलाचा तसला फोटो कुणाकडे गेला असेल किंवा कुठे दिसला असेल, तर तो 'पुरावा' म्हणून मामाला, शिक्षकांना, सोसायटीच्या ग्रुपवर पाठवायचा नाही. पाठवणारा भल्या हेतूने पाठवतो, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब कलमाखाली आणि पॉक्सोखाली तो स्वतःच अडकू शकतो. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असं काही नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतो, हे स्पष्ट केलंय. फोन आहे तसा पोलिसांच्या हातात द्यावा. टेक इट डाउन नावाची एक फुकट सेवा आहे, अठराच्या आतल्यांच्या फोटोंसाठी. तिच्यात फोटो कुठेही चढवायचा नसतो. फोनमध्येच त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा पुढे जातो, आणि त्या योजनेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून फोटो ओळखून काढून टाकतात. ज्या मुलाला वाटतंय की आता सगळं संपलं, त्याला हे वेळेवर कळणं किती मोठं आहे याचा विचार करा.

शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर प्रार्थना असते, नियम असतात, रजेचा अर्ज असतो. त्यात पालकांसाठी एक ओळ घाला. मुलाने असलं काही सांगितलं तर तोंडातून पहिलं वाक्य हे यावं: "बरं झालं सांगितलंस." बाकीचं, रागावणं, रडणं, फोन आपटणं, ते आपण नंतर न्हाणीघरात जाऊन करू. आणि तुमच्या शिक्षकांनाही तेच सांगा. मुलीने गेममधल्या माणसाचं सांगितलं की 'तू गेम खेळतेसच का' हा प्रश्न पहिला येऊ नये. दुसराही येऊ नये.

व्हॅनचं थोडक्यात. राज्यात 2011 पासून स्कूल बसचे नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, तिच्यात पालकांचा माणूस हवा. प्रत्यक्षात काय होतं? सकाळी साडेसहाला मेसेज येतो, 'काकांना ताप आहे, आज भाचा येईल.' भाचा कोण, त्याचं लायसन्स काय, शाळेला माहीत आहे का, विचारायला वेळ नसतो, डबा भरायचा असतो. आम्ही आमच्यापुरता एक उपाय काढला. घरात एक परवलीचा शब्द ठरवलाय. न्यायला कुणीही आलं, मामा असो, भाचा असो, 'बाबांनी पाठवलंय' म्हणो, शब्द सांगितला तरच जायचं. आत्ताचा शब्द छापणार नाही, आधीचा सांगतो: द्राक्षाचा चिवडा. मुलीनेच निवडला होता, म्हणे असला चिवडा नाशकातसुद्धा कुणी करत नाही, म्हणजे कुणाला सुचणार नाही. तो बदलावा लागला, कारण आजीने भिशीच्या बायकांना सांगून टाकला.

येत्या सिंहस्थात याचा उपयोग होईल. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान. शाळकरी पोरं गर्दीत हरवणार, बाहेरगावच्यांची आणि आपलीही. पोलीस मदत केंद्रं लावतील, भोंग्यावरून नावं पुकारतील. त्याआधी प्रत्येक वर्गात मुलांकडून आई-बापाचा नंबर पाठ म्हणून घ्या. माझ्या दुकानात मी मुलांना विचारतो. पाढे येतात, कविता येते, आईचा नंबर येत नाही, कारण तो फोनमध्ये 'मम्मी' म्हणून असतो.

आता मूळ विनंती. पुढची पालकसभा भाषणाची नको. पालकांना त्यांचा आणि मुलाचा, दोन्ही फोन घेऊन बोलवा. सभा शनिवारी सकाळी अकराला ठेवलीत तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले आणि रविवार कारंजावरचे हातगाडीवाले येणार नाहीत. रविवारी संध्याकाळची एखादी वेळ ठेवा. बापांना नावाने बोलवा, नाहीतर ते येत नाहीत. मुलांनाही बसू द्या, निम्मं तेच शिकवतील. तो वाफ सोडणारा चौथीतला मुलगा मिळाला तर त्याला पुढे बसवा.

मी येईन. आमच्या रस्त्यावरचे आणखी दोघं-तिघं तयार आहेत, पैसे नकोत. दीड तासात चाळीस फोन होतात, हे आम्ही एका सोसायटीत करून पाहिलंय. प्रोजेक्टर, हार-नारळ काही नको. चार एक्स्टेन्शन बोर्ड लागतील आणि वाय-फाय असेल तर उत्तम. सभेच्या सूचनेत एवढं मात्र नक्की लिहा, की फोन चार्ज करून आणा आणि जीमेलचा पासवर्ड आठवून या. सोसायटीत आमचा अर्धा वेळ त्यातच गेला होता.

आपला,
एमजी रोडवरचा एक मोबाईल दुरुस्तीवाला